जाता येतं

सकाळी चहाचा कप विसळता विसळता बायको "जाते" म्हणाली, आणि ते त्याला ऐकू आलं दुसऱ्या तासाला, फळ्यासमोर. फळ्यावर तो दर वर्षीचंच वाक्य लिहीत होता, "येथून तेथे जाता येते", आणि 'जा' काढून झाल्यावर खडू मोडला. मोडक्या तुकड्याकडे तो बघतोय तोच सकाळचा आवाज, नळाच्या पाण्यासकट, कानात शिरला. जाते. येते नाही, जाते. लग्न झाल्यापासून ती घराबाहेर पडताना 'येते' म्हणत आली होती. कोपऱ्यावर भाजीला निघाली तरी येते. पित्ताशयाच्या ऑपरेशनला स्ट्रेचरवरून आत नेलं तेव्हाही, अर्धवट गुंगीत, येते. एकदा कडकडून भांडून आईकडे निघाली, दार असं आपटलं की भिंतीवरचं घड्याळ खाली आलं, आणि बंद दारापलीकडून, रागातच, नळ बंद करावा तसं सवयीनं: "येते!" त्या एका शब्दावर तो चार दिवस निवांत जेवला होता. आणि आज? आज ती "जाते" म्हणाली आणि तो पेपरमागून "हं" म्हणाला. मुलं आता त्याच्याकडे बघत होती. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, बरं वाटत नाहीये का?" तो म्हणाला, "आज एवढंच." फळ्यावर फक्त "येथून तेथे जा" एवढं होतं. मुलांनी ते इमानदारीत उतरवून घेतलं आणि तो डस्टर हातातच घेऊन जिना उतरला.

त्याचा विषय असा, की चारचौघात सांगायची सोय नाही. जगात गोष्टी बदलत असतात, झोका म्हणा, हवामान म्हणा, बॉयलरमधली वाफ म्हणा, आणि कुणीतरी हाताशी असलेला एखादा लहानसा दांडा फिरवून त्यांना हव्या तिकडे न्यायला बघत असतं. बाकीचे लोक त्याचे आकडे काढतात, दांडा किती फिरवायचा, किती वेळ धरायचा. तो आकड्यांच्या वाटेला जात नाही. तो एवढंच विचारतो: नेता येईल का? पोचता येईल का? की दांडा कसाही फिरवा, ही गोष्ट आपल्या ठरल्या खळग्यातच घिरट्या घालणार? असे खळगे असतात. आत शिरायला कुणी ना म्हणत नाही, बाहेर मात्र पडता येत नाही, पुस्तकात त्यांना बंदिस्त संच म्हणतात. अख्खी उमेद त्यानं या संचांवर खर्च केली होती, आणि त्यात शिरताना त्यालाही कुणी ना म्हटलं नव्हतं. तासाला दर दोन वाक्यांनी तो "पोचता येतं का?" विचारायचा, म्हणून मुलांनी त्याचं नाव पोचपावती ठेवलं होतं. ते त्याला माहीत होतं आणि आतून आवडायचंही. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायको विचारायची, "किती वाजता येशील?" तो म्हणायचा, "येणार हे नक्की. किती वाजता हा आकड्यांचा प्रश्न झाला, तो माझ्याकडे नाही." तेव्हा ती हसायची. भाकरी परतता परतता हसायची, हात भाजून घ्यायची आणि पुन्हा हसायची. मग पुढे कधीतरी ती नुसतं "बरं" म्हणायला लागली, आणि हसण्याकडून 'बरं'कडे ही गाडी नेमकी केव्हा सरकली हाही आकड्यांचाच प्रश्न असल्यामुळे त्यानं तो सोडून दिला होता.

गल्लीत येऊन बघतो तर गाडी कोंडलेली. गाडी तशी बायकोची. चालवायची तीच, तो शेजारी बसून रस्त्याकडे सिद्धांत म्हणून बघायचा. त्याला पुढे जाता यायचं, मागे धड घेता यायचं नाही. म्हणून तो नेहमी अशी ऐसपैस जागा शोधायचा की सरळ शिरावं आणि सरळ निघावं. आज सकाळी तिनं किल्ली टेबलावर ठेवली. "गाडी तू ने. मला मैत्रीण सोडतेय स्टँडवर. साडेअकराची बस आहे." हेही त्याला आता ऐकू येत होतं, एकेक वाक्य, उशिरा आलेल्या पाहुण्यांसारखं. सकाळी कॉलेजच्या मागची ही गल्ली रिकामी होती. आता पुढे गाद्यांच्या दुकानाचा टेम्पो, मागे एक लाल गाडी आणि मध्ये ही. पुढे वीतभर जागा, मागे वीतभर. गल्लीला उतार, हँडब्रेक म्हातारा. त्यात मोठा रस्ता पाईपलाईनसाठी खणून ठेवल्यामुळे स्टँडवरून सुटणाऱ्या सगळ्या बस याच गल्लीतून, दोन्हीकडची कुंपणं जपत, श्वास रोखून जात होत्या.

"टेम्पोवाला कुठाय?" त्यानं कॉलेजच्या रखवालदाराला विचारलं.

"वर. गादी जिन्यात अडकलीय."

"मग त्याला खाली बोलवा ना."

"तो गादीच्या वरच्या अंगाला आहे, सर. गादी हलल्याशिवाय त्याला खाली येता येत नाही." समोरच्या इमारतीच्या जिन्याच्या खिडकीतून एक घामेजलेलं डोकं बाहेर आलं आणि म्हणालं, "दाबली की फुगते हो! नवीन माल आहे!" आणि पुन्हा आत गेलं.

"आणि ही लाल गाडी?"

"ते दातांच्या डॉक्टरकडे आहेत. आत्ताच विचारून आलो. आ करून बसलेत. गाडी काढा म्हटलं तर आ आ म्हणाले. हो म्हणाले की नाही म्हणाले, कळलं नाही."

खरं तर कुणीही इथे हात टेकले असते. पण त्याला, इतक्या धास्तीतही, आनंदाची एक लहानशी उकळी फुटली. कारण हे त्याचं गणित होतं. अगदी हेच! दर वर्षी तो टेबलावर खडूचा खोका ठेवून दाखवायचा: गाडीला आडवं सरकता येत नाही, बरोबर? चाकं तशी वळतच नाहीत. पण चाक इकडे वळवून थोडं पुढे जा, तिकडे वळवून थोडं मागे या, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. दर खेपेला गाडी केसभर आडवी सरकते. जी दिशा तुमच्या हातात कुणी दिलेलीच नाही, ती हातातल्या दोन दिशा घुसळून काढता येते. "म्हणून जागा कितीही कमी असू दे, शून्य नसली म्हणजे झालं, तिथून निघता येतं!" असं तो म्हणायचा आणि वर्ग टाळ्या वाजवायचा. एका वर्षी कुणीतरी विचारलं होतं, किती खेपा लागतील? "मोजता येतील इतक्या," तो म्हणाला होता. तेव्हाही टाळ्या पडल्या होत्या. तो गाडीत बसला. काच धुरकटली होती, ती त्यानं हातातल्या डस्टरनं पुसली. काच पांढरीफटक झाली.

"येऊ द्या," रखवालदार मागे उभा राहून हात हलवायला लागला, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या…"

टप्प.

"बस्स!" रखवालदार म्हणाला.

"अहो, बस्स आधी म्हणायचं असतं!"

"लागल्याशिवाय बस्स कसं कळणार, सर?"

पुढे. चाक इकडे, टेम्पोला टप्प. मागे. चाक तिकडे, लाल गाडीला टप्प. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक काकू ओला टॉवेल झटकत येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी कामाचा ताबा घेतला. "डावीकडे मारा! अहो डावीकडे! तुमचं डावं नव्हे हो, माझं!" तो मारत राहिला. एका हातानं चाक, दुसऱ्या हातानं गिअर आणि मनातल्या मनात बायकोशी बोलणं. तीन महिने हेच चाललं होतं, नाही का, इकडे थोडं, तिकडे थोडं. ती माती तपासायच्या प्रयोगशाळेत होती. घरभर तिच्या मातीच्या पिशव्या, चिठ्ठ्या लावलेल्या, आणि गॅलरीतल्या खिळ्याला एकात एक बसणाऱ्या पितळी चाळण्या. तिला दुसऱ्या गावी नव्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून बोलावणं आलं होतं. तिथल्या कॉलेजात त्याच्या विषयाची जागाही रिकामी होती. "तू येशील का?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "तिथे पोचता येतं, हे महत्त्वाचं. केव्हा, ते बघू." पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, तो म्हणाला, "नाही म्हटलंय का मी?" कधी ती पुढे यायची, तो मागे जायचा, कधी तो पुढे आणि ती मागे, आणि दर रात्री शेवटी ती दिवा मालवताना म्हणायची, "जाऊ दे." ते ऐकलं की त्याला झोप लागायची. जाऊ दे, म्हणजे सोड आता. विषय संपला. तीन महिने विषय रोज संपत होता आणि त्याला रोज शांत झोप लागत होती! आता, टप्प आणि टप्पच्या मध्ये, त्याला गॅलरीतला खिळा आठवला. सकाळी पायपुसणं झटकायला गेला तेव्हा तो खिळा मोकळा होता. चाळण्या नव्हत्या. ती दोन दिवसांसाठी नुसती जागा बघायला जातेय असं त्यानं धरलं होतं, पण तसं जाणारं माणूस चाळण्या नेत नाही.

"सर," रखवालदार खिडकीशी वाकला, "कुठं जायचंय एवढं?"

"स्टँडवर. साडेअकराच्या आत."

"मग स्टँड इथंच तर आहे. या भिंतीला वळसा घातला की झालं. चालत जा की."

चालत. ही गोष्ट त्याला सुचलीच नव्हती असं नाही, ती मांडणीतच नव्हती. मांडणीत एक चाक होतं, एक गिअर होता आणि दोन वीत जागा होती. पाय होते, पण ते पेडलवर होते. आणि आता नेमकं गाडीचं नाक टेम्पोच्या कोपऱ्याच्या किंचित बाहेर आलं होतं. हा एवढासा, बोटभर पत्रा बाहेर दिसत होता. आता उतरायचं म्हणजे सिद्धांत अर्ध्यात टाकायचा. "एवढं झालं की निघालोच," तो म्हणाला. हे वाक्य आपण पूर्वी कुठे ऐकलंय असं त्याला वाटलं. ते त्यानं स्वतःच, जेवणाचं ताट गार होत असताना, अभ्यासाच्या खोलीतून, इतक्या वेळा म्हटलं होतं की घरातल्या दाराला पाठ असेल. त्याच्या पहिल्या शोधनिबंधाचा कच्चा खर्डा वाचून त्याचे मार्गदर्शक म्हणाले होते, "तुम्ही काय सिद्ध केलंत? इथून तिथे जाता येतं, एवढंच. आणि खाली निष्कर्ष काय काढलात? तिथून परत येता येतं. ते कुठून आलं?" त्यानं पानं उलटीसुलटी केली. ते कुठूनच आलं नव्हतं. "अहो, 'जाता येतं' यात 'येतं' आहे म्हणून परत येता येतं, असं नसतं," मार्गदर्शक म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर खोकला येईपर्यंत हसले. मागाहून त्यानं चूक दुरुस्त केली, निबंध छापून आला, नाव झालं. घराच्या बाबतीत मात्र तो कच्चा खर्डाच अजून चालू होता. ती जाते म्हणजे येते. हे कुठून आलं? पानं उलटीसुलटी केली तरी ते कुठूनच आलेलं नव्हतं. ती म्हणायची म्हणून होतं फक्त.

पुढे. मागे. पुढे. काचेवरच्या पांढऱ्या पटलातून गल्ली धुक्यासारखी दिसत होती. शर्ट पाठीला चिकटला. काकू ओरडल्या, "निघालीऽऽ!" आणि खरंच, गाडीचं नाक टेम्पोला चुकवून बाहेर पडलं, मग दार, मग अर्धं अंग. जिन्याच्या खिडकीतून गादीवाल्यानं टाळी वाजवली. आयुष्यात पहिल्यांदा सिद्धांत डोळ्यांसमोर खरा झाला होता आणि त्या आनंदात त्यानं क्लच एकदम सोडला. गाडीनं उचकी दिली, गल्लीभर आडवी झाली, नाक समोरच्या कुंपणाला आणि शेपूट फुटपाथला, आणि बंद पडली. आता ती पुढेही जात नव्हती आणि मागेही. तेवढ्यात कोपऱ्यावरून, आपली दोन्ही अंगं जपत, साडेअकराची बस आत आली.

बस थांबली. हॉर्न वाजला. मग बसच्या मागे आणखी काहीतरी येऊन थांबलं आणि त्याचाही हॉर्न वाजला. तो खाली उतरला. बसच्या खिडक्यांवरून त्याची नजर पुढून मागे गेली, आणि तिसऱ्या खिडकीत ती होती. मांडीवर निळी बॅग, बॅगेवर फडक्यात बांधलेल्या चाळण्या. तिनं काच सरकवली.

"तू? इथे काय करतोयस?"

"तुझ्याकडेच येत होतो."

"असा?"

"निघता येत होतं. थोडंच राहिलं होतं."

तिच्या ओठांच्या कडेला ते जुनं, भाकरी परततानाचं हसू येऊन उभं राहिलं, पण आत काही आलं नाही. "कपाळाला खडू लागलाय," ती म्हणाली. त्यानं पुसला, तो आणखी पसरला.

"सकाळी तू 'जाते' म्हणालीस."

"ऐकलंस?"

"दुसऱ्या तासाला."

"लवकर ऐकलंस. मला वाटलं, रविवार उजाडेल."

बसचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला. "ओ साहेब, घरचं घरी बोला हो! रस्ता काय तुमच्या सासऱ्यांचा आहे?"

"चुकून म्हणालीस ना?" त्यानं विचारलं. "म्हणजे, नेहमी येते म्हणतेस. परत येता येईलच ना तिथून?"

"कुणाला?" ती म्हणाली. "मला की तुला?"

प्रश्न इतका नीट मांडलेला होता की मार्गदर्शकांनी पाठ थोपटली असती. मागच्या हॉर्नांची आता भिंत झाली होती. काकू वरून कुणाला तरी सांगत होत्या की नवरा-बायको आहेत, बसमध्ये बायको आहे, यानं मुद्दाम गाडी आडवी घातलीय. हो, तसंच दिसत होतं. ज्या खळग्यातून तो सकाळपासून धडपडत बाहेर येत होता तो त्यानं आता गल्लीएवढा मोठा केला होता आणि त्यात चाळीस माणसं, एक ड्रायव्हर आणि त्याची बायको अडकवून ठेवली होती. चावी त्याच्या खिशात होती. नुसतं उभं राहिलं, गाडी चालूच होत नाही म्हणून सांगितलं, तरी ती जाणार नव्हती. संध्याकाळपर्यंत जाणार नव्हती. हे त्याच्या मनात आलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं.

तिला ते दिसलं असावं. तिनं बॅगेवरचे हात उचलून खिडकीच्या गजावर ठेवले आणि अगदी हळू, दिवा मालवतानाच्या आवाजात, म्हणाली, "जाऊ दे."

आणि या खेपेला ते उशिरा आलं नाही. तिथल्या तिथे, हॉर्नांच्या भिंतीतून आरपार, पूर्ण ऐकू आलं. सोड आता, असं ती म्हणत नव्हती. जाऊ दे. मला. तीन महिने, रोज रात्री, ती परवानगी मागत नव्हती तर रस्ता मागत होती, आणि तो कूस बदलून झोपत होता.

तो गाडीत बसला. किल्ली फिरवली. पुढे कुंपण होतं, म्हणजे एकच दिशा उरली होती, जी त्याला कधीच धड जमली नव्हती. रखवालदार धावत मागे गेला. "येऊ द्या!" काकू ओरडल्या, "आता तुमचंच डावं!" त्यानं चाक पूर्ण फिरवलं, मान मागे वळवली, आणि गाडी, कुठेही टप्प न करता, एका फटक्यात, टेम्पो आणि लाल गाडीच्या मधल्या त्या जागेत, पत्र पाकिटात सरकावं तशी सरळ जाऊन बसली. पुढे वीतभर, मागे वीतभर. गल्लीत टाळ्या पडल्या. त्याला कसंसंच झालं. ज्या जागेतून निघायला अर्धी सकाळ गेली तिथे परत शिरायला एक दमही लागला नव्हता, आणि हे त्याला आश्चर्याचं वाटायला नको होतं.

बस शेजारून निघाली, आरशाला आरसा घासत. तिसरी खिडकी त्याच्या काचेसमोर आली. ती वाकून काहीतरी म्हणाली. ड्रायव्हरनं त्याच क्षणी, इतका वेळ दाबून ठेवलेला सगळा राग हॉर्नमधून सोडला. डस्टरच्या पांढऱ्या पटलाआड तिचे ओठ नुसते हलले. पहिलं अक्षर हॉर्ननं खाल्लं. त्याच्यापर्यंत पोचलं ते एवढंच: "…ते."

बस कोपऱ्यावरून वळली. तो गाडी बंद करून तसाच बसला. जाते यातही शेवटी ते, येते यातही शेवटी ते. त्यानं आरसा स्वतःकडे वळवला आणि हळूच म्हणून बघितलं: जाते. तोंड उघडतं. येते. तोंड फाकतं. तिचं उघडलं होतं की फाकलं होतं? जाते. येते. आरशातला खडू माखलेला माणूस एकदा हे म्हणत होता, एकदा ते, आणि दोन्ही खेपांना तितकाच खरा दिसत होता. बायकोच्या ओठांचा आकार इतकी वर्षं समोर असून आपल्याला पाठ नाही, हे त्याला कळलं. मागे कुठेतरी मोठा धप्प आवाज झाला आणि जिन्यातून गादी, तिच्यावर बसून गादीवाला, असे दोघं फुटपाथवर आले. लोक हसले. गादीवाल्यानं गादी पुन्हा टेम्पोत कोंबली, गिऱ्हाइकाला आणि त्याच्या जिन्याला शिव्या घातल्या, आणि टेम्पो निघून गेला.

आता पुढे काहीच नव्हतं. सरळ, उताराची, रिकामी गल्ली, कोपऱ्यापर्यंत आणि कोपऱ्याच्या पुढेही. मागे घ्यायची गरज नाही, चाक फिरवायची गरज नाही. सकाळी शोधली होती तशी ऐसपैस.

जाते. येते. जाते.

रखवालदार काचेवर टकटक करून गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिला. मग बाजूला झाला आणि ट्रॅफिकवाल्यासारखा लांबलचक हात करून म्हणाला, "मोकळं आहे, सर! जाऊ द्या!"

'जाऊ दे'चा हा तिसराच अर्थ होता. तो त्याच्या मांडणीत नव्हता. आरशातल्या माणसाचं तोंड अर्धवट उघडंच राहिलं, ना धड जा, ना धड ये, आणि त्याचा हात, त्याला न विचारता, म्हाताऱ्या हँडब्रेकवर गेला आणि त्यानं तो खाली केला. उतार होताच. गाडी बंदच होती, पण सरकायला लागली.